वाचन : बैन्ता

सात वाजता निरोप आला, फेरी सुटली नाही.
वारा उत्तरेचा, धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत पाणी.
पाळक पलीकडच्या बेटावर अडकलेत,
त्यांचा झगा, त्यांची काळी बॅग, त्यांचा खर्जातला आवाज.
आमच्या फॅरोत असंच. पाळक एक, गावं सहा.
महिन्यातून एक रविवार त्यांचा,
बाकीचे आमचे आम्ही निभावतो.

चर्चच्या दारामागे कागद टाचलेला,
एल्स्पाचं शाळेतल्या बाईंचं अक्षर.
घंटा मालान वाजवणार, गुडघा दुखत असला तरी.
गीतांचे आकडे फळीवर लावायचे रोईने, तो नऊ वर्षांचा.
पायरीवरची मेंढ्यांची लेंडी
ज्याला आधी दिसेल त्याने झाडायची.
आणि अगदी खाली, शाई अजून ओली वाटावी अशी नवी :
वाचन, बैन्ता.

म्हणजे मी.
मी मासळीच्या कारखान्यात कॉड कापते.
शुक्रवारी हात तीनदा साबणाने धुतले, शनिवारी लिंबाने,
तरी पुस्तक उघडलं
तर पानाला माझाच वास.

चाळीस वर्षं हे पुस्तक तुम्मासने वाचलं.
कुणा जुन्या पाळकाची प्रवचनं, प्रत्येक रविवारचं एक,
पानांचे कोपरे कानाच्या पाळीसारखे मऊ.
वाचणाऱ्याने पदरचं काही घालायचं नाही,
पुलपिटावर चढायचं नाही, आशीर्वादाला हात उचलायचा नाही.
खाली उभं राहायचं, पहिल्या बाकाशी,
आपल्याच स्वेटरमध्ये.
मार्चमध्ये तुम्मासला अक्षरं दिसेनाशी झाली.
बोलला काही नाही. एका संध्याकाळी आला
आणि पुस्तक माझ्या ओट्यावर ठेवून गेला,
बटाट्याच्या सालींशेजारी.

त्या रविवारी आम्ही नऊ जण.
छताला टांगलेलं लाकडी गलबत
फटीतल्या वाऱ्याने वळत होतं,
नाळ कधी दाराकडे, कधी वेदीकडे.

रोईने सहाचा आकडा उलटा टांगला.
एकशे सहा हे सकाळचं गीत,
एकशे नऊ बुडालेल्यांसाठी.
कुणी हटकलं नाही. फळीवर असेल ते गायचं.
मालानला नवऱ्याच्या वेळी हे गाता आलं नव्हतं,
बारा वर्षं झाली.
आज तिने चारही कडवी गायली,
दोराने लाल झालेले तळवे मांडीवर उताणे ठेवून.

मग मी उठले.
पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्यावर
'कृपा' म्हणताना आवाज फाटला.
आणि बर्फाने बधिरलेली ही बोटं,
दोन पानं एकदम उलटली :
"म्हणून ज्याला कुणी बोलावलं नाही"
आणि पुढे थेट तळ्याकाठची भाकर.

काय करावं?
गलबत फिरलं. कुणी तरी खोकलं.
पहिल्या बाकावरून तुम्मास, डोळे मिटलेलेच,
जाळ्याची सुटलेली गाठ जाता जाता बांधावी तसा म्हणाला,
"त्यानेही आपलं दार उघडं ठेवावं."
एवढंच. पुढचं सांगितलं नाही.
मी पान शोधलं.

नंतर कॉफी. रोई खुर्चीवर चढला
नऊचा सहा करायला. मालान म्हणाली, राहू दे रे.
तुम्मासने पुस्तक मागून घेतलं, नाकाशी धरलं.
"माझ्या वेळी लोकरीचा वास होता याला," म्हणाला,
आणि परत दिलं.

पुढच्या रविवारी पाळक येणार आहेत, नक्की.
एल्स्पाने कागदावर त्यांचं नाव शाईने लिहिलं.
खाली माझं, पेन्सिलीने.